अर्धी सोडलेली बुडी

पाण्याखाली जायचं खूळ आमच्या घरात आणलं ते माझ्या नणंदेनं. ती आर्वी डेपोत कंडक्टर आहे. माझ्या नवऱ्याहून लहान आणि माझ्याहून थोडी मोठी, त्यामुळे मी तिला ताई म्हणते आणि ती मला वैनी. लग्न तिनं केलं नाही. डेपोच्या मागं दोन खोल्या घेऊन एकटी राहते, आणि सुटीच्या दिवशी आमच्या औषधांच्या दुकानात येऊन काउंटरच्या आतल्या स्टुलावर बसते. गिऱ्हाइकं तिच्याशीच जास्त बोलतात. अर्ध्या तालुक्याला तिनं कधी ना कधी तिकीट दिलेलं असतं.

एका हिवाळ्यात डेपोतल्या बायकांबरोबर ती मालवणला गेली. तिथं तिला पाठीला सिलेंडर बांधून समुद्रात खाली नेलं. एक माणूस मागून तिचं जॅकेट धरून होता, मांजर पिल्लाला धरते तसा, आणि तिला मासे दाखवत फिरवत होता. परत आल्यावर तिनं माशांचं कौतुक एकदाच केलं. त्या धरण्याबद्दल मात्र ती महिनाभर बोलत होती. "मले असं धरून नाई नेलं पायजे कोणी. मले माह्या मनानं जाता आलं पायजे," असं ती म्हणायची. मग कुठून तरी तिला कळलं की हिंगणघाटचे एक गृहस्थ नौदलातून पाणबुडे म्हणून निवृत्त होऊन गावी आलेत आणि हिवाळ्यात दर रविवारी वर्ध्याच्या एका पोहण्याच्या टाक्यात हे शिकवतात. तिनं स्वतःचं नाव घातलं आणि मला न विचारता माझंही घातलं. पाण्याखाली एकट्यानं जायचं नसतं, जोडीदार लागतो, आणि तिच्या ओळखीच्या बायकांत पोहता येणारी मी एकटीच होते, हे तिचं कारण.

पोहायला मी माहेरी, रोहण्याला शिकले होते, आमच्या शेतातल्या विहिरीत. वडील पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधायचे आणि काठावरून ढकलून द्यायचे. मी खाली जाऊन बाणासारखी वर यायची आणि पुन्हा ढकला म्हणायची. लग्नानंतर पाणी सुटलं. दुकान, मुलगी, सासूबाईंच्या गोळ्या यांत पंचवीसेक वर्षं निघून गेली. ताईनं नाव घातलं नसतं तर मी पुन्हा पाण्यात उतरले नसते, एवढं नक्की.

आमचे सर जाडजूड, पांढऱ्या मिशांचे. एरवी आमच्यासारखंच वऱ्हाडी बोलायचे, पण पाण्यात हुकूम द्यायची वेळ आली की हिंदीत जायचे. टाक्यात त्यांनी आम्हाला श्वास शिकवला, मास्कमध्ये शिरलेलं पाणी नाकानं फुंकून काढायला शिकवलं, आणि पाण्याखाली बोलता येत नाही म्हणून हातांच्या खुणा शिकवल्या. आंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला की सगळं ठीक. पंजा आडवा धरून हलवला की काहीतरी बिनसलंय. आणि आंगठा वर केला की वर जायचं. हे शेवटचं डोक्यात बसायला वेळ लागला, कारण जमिनीवर आपण आंगठा वर करतो तो छान म्हणून. पहिल्या दिवशी मला इतकं छान वाटत होतं की मी सारखा आंगठा वर करत होते आणि सर प्रत्येक वेळी मला वर घेऊन येत होते.

एका रविवारी टाक्याच्या काठावर चहा पिताना त्यांनी एक गोष्ट सांगितली. बिघाड झाला, हवा संपत आली, कान दुखला तर वर यायचं हे कोणालाही कळतं. पण काहीच बिघडलं नाही, फक्त मजा येत नाही, तरीही वर यायचं. तेवढं कारण पुरतं. आम्ही हसलो. इतकं सामान अंगावर चढवून, इतकी तयारी करून कोण मजा येत नाही म्हणून परत येईल, असं कोणीतरी म्हणालं. सर हसले नाहीत. "आंगठा वर गेला की सगळ्यांनी वर याचं. आन वर आल्यावर काऊन आले म्हणून इचाराचं नाई. हे तुमी आजच पक्कं करून ठेवा," ते म्हणाले. मला तो टाक्यातल्या शिस्तीचा भाग वाटला. मान डोलावली आणि विसरून गेले.

टाक्यातलं शिकणं संपल्यावर उघड्या पाण्यात उतरायचं होतं. समुद्र आमच्यापासून राज्याच्या दुसऱ्या टोकाला. सरांनी परवानगी काढून आमच्याच भागातलं धरण ठरवलं. हे ऐकून ताईचा चेहरा उजळला, आणि त्याला कारण होतं. माझ्या सासूबाईंचं माहेर त्या धरणात गेलंय. गाव वर हलवलं, घरं पाडून दगड-विटा, दारं-खिडक्या लोकांनी नेल्या, पण विहीर कोण नेणार. गावाबाहेरची ती बांधीव विहीर पाण्याखाली जशीच्या तशी राहिली. सरांनी आधी दोनतीनदा खाली जाऊन ती शोधून ठेवली होती. ताईनं तिथं जाणार म्हणून आईला सांगूनही टाकलं. सासूबाई म्हणाल्या, काय तं करता बाई, आणि पुन्हा टीव्हीकडे वळल्या. पण संध्याकाळी स्वतःच ताईला सांगत बसल्या, विहिरीच्या कोणत्या अंगाला पायऱ्या होत्या आणि कुठल्या दगडावर घागर ठेवायच्या.

माघ महिना होता. सकाळी आम्ही धरणावर पोचलो तेव्हा पाणी कागदासारखं सपाट होतं आणि मधोमध बदकांचा थवा बसला होता. पहिली बुडी काठाजवळच होती. ऊन तळापर्यंत पोचत होतं, पाणी फिकट हिरवं होतं, आणि एखाद्या खोलीच्या लांबीइतकं समोरचं दिसत होतं. बोटाएवढे मासे आमच्या हातांशी येत होते. मी आणि ताई एकमेकींना गोल करून दाखवत होतो, ठीक, ठीक, आणि मास्कच्या आत हसत होतो. वर आल्यावर ताई म्हणाली, आता विहीर.

विहिरीसाठी मासेमाराच्या डोंग्यातून जरा आत जावं लागलं. तिथं पांढरी प्लास्टिकची कॅन तरंगत होती. तिला बांधलेला दोर सरांनी खाली तळाशी दगडाला बांधून ठेवला होता. दोरानं खाली उतरायचं, तिथून जुन्या शेताचा एक धुरा, म्हणजे बांध, धरून पुढं गेलं की विहीर. तोवर वारा सुटला होता आणि डोंगा हलत होता. सर आधी उतरले, मग ताई, मग मी.

निम्म्यापर्यंत ठीक होतं. त्याखाली एकाएकी गार पाण्याचा थर लागला. वरचं हिरवं पाणी तिथं चहाच्या रंगाचं झालं होतं. तळाशी पोचलो तेव्हा सर आणि ताई उतरल्यानं गाळ उठला होता, आणि हात लांब केला तर बोटं पुसट दिसत होती. सरांनी टॉर्च फिरवून खूण विचारली. ताईनं गोल केला. मीही केला. मग आम्ही धुऱ्यानं पुढं निघालो. धुऱ्यावर बुडालेल्या बाभळी उभ्या होत्या, पानं नसलेल्या, फांद्यांवर शेवाळाचे झिपरे. एक फांदी टॉर्चच्या उजेडात अचानक समोर आली आणि मी दचकले. मास्कच्या कडेनं पाणी झिरपत होतं. मी फुंकून काढायची, ते पुन्हा यायचं.

धोका काहीच नव्हता, हे मी आज शांतपणे सांगू शकते आणि तेव्हाही मला ते माहीत होतं. हवा भरपूर होती. कान ठीक होते. सर ताईच्या लगेच पुढं होते आणि ताईच्या पायातले पंख माझ्यासमोर हलत होते. मास्कमधलं थोडं पाणी काढायला मी टाक्यात किती तरी वेळा शिकले होते. फक्त मला ते आवडत नव्हतं. गार, मातकट, अरुंद असं ते सगळं होतं, आणि मला तिथं नसायचं होतं.

मग डोक्यात बोलणं सुरू झालं. आता आलोच आहोत तर थोडं आणखी. ताईचं इतकं मन आहे. सासूबाई घरी वाट बघतायत. सरांनी आधी येऊन दोर बांधून ठेवलाय, डोंगेवाला थांबलाय. आणि कारण काय सांगणार? मास्कमध्ये पाणी येतं? ते तर सगळ्यांच्याच येतं. मी स्वतःला एकेका बाभळीचा वायदा देत होते, ही ओलांडली की मग बघू.

अशात मी माझा गेज बघितला. सिलेंडरमध्ये हवा किती उरली ते दाखवणारं घड्याळ असतं, ते सारखं बघत राहायचं अशी सवय लावलेली असते. काटा अजून बराच वर होता. आणि मला वाईट वाटलं. मी थांबले ती त्या वाईट वाटण्यापाशी. काटा खाली असता तर बरं झालं असतं, सर्वांना आपोआप परत फिरावं लागलं असतं आणि मला काही म्हणावं लागलं नसतं, असं माझ्या मनात आलं होतं. जमिनीवर दुकानात बसून कोणी मला हे सांगितलं असतं की पाण्याच्या तळाशी एक बाई हवा संपायची वाट बघत होती, तर मी त्या बाईला काय म्हटलं असतं? मला लक्षात आलं की बऱ्याच वेळापासून मी दुसरं काही बघितलेलंच नाही. फक्त घड्याळ, आणि मागं वळून दोर.

मी पुढं होऊन ताईच्या पायाला हात लावला. ती वळली. तिच्यामागं सरांच्या टॉर्चचा उजेड कशावर तरी पडला होता. ओळीत बसवलेले दगड असावेत, मला नीट दिसलं नाही. तिनं खुशीत तिकडं बोट दाखवलं. मी आंगठा वर केला.

त्या क्षणाची मला भीती होती. तिनं पंजा हलवून काय झालं विचारलं असतं, किंवा एक बोट दाखवून जरासं थांब म्हटलं असतं, तर मी थांबले असते. नक्की थांबले असते. पण तिनं माझ्याकडं बघितलं आणि त्याच श्वासात आपला आंगठा वर केला. मागं दगडांकडं वळूनही पाहिलं नाही. सरांच्या खांद्याला हात लावून तिनं त्यांना तीच खूण केली, त्यांनीही केली, आणि आम्ही तिघं धुऱ्यानं दोराकडं परत फिरलो.

वर येताना पृष्ठभागाच्या जरा खाली थोडा वेळ दोर धरून थांबायचं असतं, खाली शरीरात मुरलेली हवा श्वासातून निघून जावी म्हणून. तिथं ऊन पोचत होतं. ताईनं माझा हात धरला होता, जॅकेट नाही, हात. दोराभोवती ते बोटाएवढे मासे पुन्हा गोळा झाले. गार थर खाली राहिला होता, मास्क कोरडा होता, आणि मला अगदी बरं वाटत होतं. त्या सबंध बुडीतला चांगला भाग तेवढाच, आणि तो मला चांगला लक्षात आहे. एकदा वाटून गेलं की आता ठीक आहे, पुन्हा खाली जाऊ म्हणावं का. पण मी काही केलं नाही. वर जायचं ठरलं होतं, वर गेलो.

डोंग्यात चढल्या चढल्या मी बोलायला लागले. मास्क गळत होता, पाणी फार गार होतं, गाळ उठला होता, मला वाटलं की. सर आपल्या जॅकेटचे पट्टे सोडवत होते.

"मी काही इचारलं काय?" ते म्हणाले.

मीही माझे पट्टे सोडवू लागले. डोंगेवाला वल्ही मारत होता. त्यालाही त्यांनी काहीतरी बजावून ठेवलं असावं, कारण तो आकाशाकडं बघत होता. काठावर आल्यावर ताईनं माझ्या खांद्यावर तिची शाल टाकली, थर्मासमधला चहा ओतला आणि डबा उघडला. गोळाभात होता आणि कोथिंबीर भरलेल्या सांबारवड्या, पहाटे उठून तिनं केलेल्या. सर दोन वड्या खाऊन म्हणाले की कोथिंबीर आमच्या हिंगणघाटच्या बाजारात यापेक्षा चांगली मिळते. त्यावर ताईनं वाद घातला. पाणी, विहीर यांतलं कोणी काही काढलं नाही. मी एवढं जेवले की मलाच आश्चर्य वाटलं.

परतताना गाडी मी चालवत होते. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा होत्या, तुरी निघून गेलेली वावरं होती. आर्वी जवळ आल्यावर माझ्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, "ताई, तुमची विहीर राहून गेली माझ्यामुळं. ते दगड विहिरीचेच होते ना?"

"हाव, विहिरीचेच."

"मग तुम्हाला एकदाही वाटलं नाही, जरा थांब म्हणावं?"

ती म्हणाली, "गाडीत एखादी बाई म्हणते, थांबवा, मले इथंच उतराचं आहे. वावरात, जंगलात, कुठंबी. मी घंटी मारते. ते काऊन उतरते ते मी नाई इचारत. तिले माहीत असते." मग हसून म्हणाली, "आन विहीर कोण चोरून नेते वैनी, इतक्या पाण्याखालून?"

मी दुकानात बसून नंतर बरेच दिवस त्या एका क्षणाचा विचार करत होते. माझ्या आयुष्यात माणसं वाईट नाहीत. नवरा समजूतदार आहे, त्या दिवशी दुकान त्यानंच सांभाळलं होतं. तरी मी नको म्हटलं आणि समोरच्यानं लगेच बरं म्हटलं, असं फार वेळा झालेलं नाही. काय झालं, का नको, अगं पण, थोडंसं, असं काहीतरी मधे येतंच, बहुतेक वेळा मायेनंच येतं. माझ्याकडूनही दुसऱ्यांच्या बाबतीत येतं. ताईनं मात्र हवी असलेली गोष्ट टॉर्चच्या उजेडात समोर असताना मधे काहीच येऊ दिलं नाही. त्याबद्दल आभार मानायला गेले तर ती मलाच हसली असती, म्हणून मानले नाहीत. पुढच्या सुटीला ती दुकानात आली तेव्हा मी शेजारच्या हॉटेलातून तिच्यासाठी आलूबोंडे मागवले. तिनं खाल्ले आणि तेल जास्त आहे म्हणाली.

नवऱ्यानं विचारलं होतं, आता सोडलं का तुझं ते पाण्याचं. मी म्हटलं, नाही, रविवारी चालले. त्या रविवारी मी काठाजवळ, उजेडात, सरांबरोबर उतरले आणि मला पहिल्यासारखीच मजा आली. त्या दिवशी गाळात स्वतःला ओढत विहिरीपर्यंत नेलं असतं तर पुन्हा उतरले असते की नाही, मला शंका आहे.

विहिरीवर ताई होळीनंतर गेली, सर आणि वर्ध्याची एक शिकणारी मुलगी यांच्याबरोबर. वारा पडला होता, पाणी निवळलं होतं. सरांनी मला विचारलं, येता काय. मी नाही म्हटलं आणि त्यांनी बरं म्हटलं. मी सासूबाईंना गाडीत घालून घेऊन गेले होते. बाभळीखाली प्लास्टिकची खुर्ची टाकून त्या बसल्या आणि पाण्याकडं बघत मला सांगू लागल्या, हे समोर चमकते ना, तिथं आमचं वावर होतं, तिकडं शाळा. मी त्यांचं बोट जाईल तिकडं बघत होते. पाण्यावर दुरून बुडबुडे फुटताना दिसत होते, तेवढीच ताईची खूण.

ताई ओल्या कपड्यांनी तशीच आमच्याकडं चालत आली. चेहऱ्यावर मास्कचा लाल वळ उठला होता. विहीर शाबूत आहे म्हणाली. पायऱ्या पूर्वेच्या अंगाला, आईनं सांगितल्या तशाच. तोंडाशी जाऊन तिनं आत टॉर्च मारला तर उजेड तळाला पोचला नाही. काठाच्या दगडांवरून तिनं हात फिरवला तर दोरानं पडलेल्या खाचा बोटांना लागल्या.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पानी किती होतं व विहिरीत?"

ताईनं माझ्याकडं बघितलं. "काठोकाठ होतं, माय. काठाच्या वरबी."

"आमच्या वक्ताले चैतात तळ दिसे," सासूबाई म्हणाल्या, आणि मग त्यांनाच आपण काय विचारलं ते कळलं. पदर तोंडाला लावून त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले आणि पुन्हा हसल्या. ताई ओल्या अंगानं त्यांच्या पायाशी बसली. जरा वेळानं त्या माझ्याकडं वळल्या. "तू काऊन नाई गेली व पाह्याले?"

"आज मन नव्हतं, आई," मी म्हटलं.

"मंग बरं केलं," त्या म्हणाल्या आणि पिशवीतून संत्रं काढून सोलू लागल्या.

ती विहीर मी अजून पाहिलेली नाही. धरणात मात्र दर हिवाळ्यात उतरते, ताईबरोबर. ताई विहीर पाहून आली त्या दिवशी सिलेंडर डिकीत घालून आम्ही निघालो तेव्हा ऊन कलत होतं. मागच्या सीटवर दोघी मायलेकी बसल्या होत्या. थोडा वेळ त्यांचं गावातल्या कोणाकोणाबद्दल बोलणं चाललं, मग ते थांबलं. आरशात पाहिलं तर ताईचं डोकं आईच्या खांद्यावर कललं होतं आणि दोघींना झोप लागली होती. मी काचा वर केल्या आणि गाडी हळू घेतली.